सात जोड्या

"पेटी उतरवू का तशीच परत नेऊ, मॅडम? तुम्ही आकडे घरूनच आणत असाल तर पाण्याला उगाच कशाला फिरवायचं?" असं म्हणून ड्रायव्हरकाका हसले, आणि हसता हसता त्यांनी बर्फाची पेटी टेबलावर ठेवलीसुद्धा. ते रोज काहीतरी बोलतात. नमुने गोळा करणाऱ्या गाडीत सकाळपासून एकटे बसून त्यांच्याकडे बोलणं साठतं आणि आमच्या दारात येऊन सांडतं. मी सवयीने पेटीतल्या तापमापकाकडे पाहिलं, चार पूर्णांक दोन, आणि वहीत चार पूर्णांक दोन लिहिलं. लिहून झाल्यावर ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं. मागे काच धुणाऱ्या मावशींनी नळ बंद केला होता. माझी सहकारी छोटी कपाटात पिपेट लावत होती ती लावतच राहिली, पण एकच पिपेट तिने उचलली, पुसली आणि पुन्हा त्याच खाचेत ठेवली. "म्हणजे?" मी विचारलं. काकांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अहो, मस्करी केली. सगळे म्हणतात म्हणून म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं? बत्तीस बाटल्या आहेत, मोजून घ्या." मी बत्तीस बाटल्या मोजून घेतल्या. दोनदा मोजल्या. पहिल्यांदा एकतीस भरल्या, आणि असं माझ्या हातून चार वर्षांत झालं नव्हतं.

सगळे म्हणतात. दिवसभर मी हे दोन शब्द घेऊन फिरले. सगळे म्हणजे आम्ही अकरा माणसं, गेटवरचा पहारेकरी धरला तर बारा. आमच्याकडे शहराचं पाणी तपासलं जातं. ठराविक पाणी एका पातळ पापुद्र्यातून गाळायचं, पापुद्रा काचेच्या चपट्या बशीत जीवाणूंच्या खाद्यावर ठेवायचा, बशी उबवणपेटीत चोवीस तास, आणि दुसऱ्या दिवशी बशीवर उगवलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे काल पाण्यात असलेला एक जीवाणू. तो एकटा होता तेव्हा कुणाला दिसला नव्हता. प्रत्येक नमुन्याच्या दोन बशा करायच्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. या दोन आकड्यांना आम्ही जोडी म्हणतो. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली, कारण तिच्यात माणसाच्या चांगुलपणावर काहीच सोडलेलं नाही. एक बशी खोटं बोलली तर दुसरी ते उघडं पाडते. इथे मला मोजपट्टी म्हणतात. मी त्यावर कधी चिडले नाही, उलट मनातून सुखावलेच. आणि छोटीला छोटी म्हणतात, कारण ती माझ्यानंतर लागली. उंचीने ती माझ्याहून वीतभर जास्त आहे आणि वरच्या फळीवरचं काहीही तीच काढून देते. येत्या गुरुवारी मोठ्या बाई, आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ, आम्हा दोघींपैकी एकीला अहवालावर सही करण्याचा अधिकार देणार होत्या. त्याने पद बदलत नाही, टेबलही तेच राहतं. पण ज्या कागदावर 'पिण्यास योग्य' असं लिहिलेलं असतं, त्याच्या खाली सही आपली असते. माझ्या शब्दावर माणसं नळाखाली पेला धरतील, ही गोष्ट मला चार वर्षं हवी होती आणि हवी आहे असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. छोटीला सोडून.

संध्याकाळपर्यंत मला त्या अफवेचे तीन नमुने मिळाले. मावशींकडचा नमुना असा, की मी चार वर्षांचे आकडे संगणकात आधीच भरून ठेवलेत आणि रोज त्यातले थोडे उतरवते. त्या हे सांगताना माझ्या बाजूच्या होत्या. "मी म्हटलं, असेल बाई, शिकलेल्या पोरी आहेत, काहीतरी सोय केली असेल," असं म्हणाल्या. पहारेकऱ्याकडचा नमुना असा, की वडिलांच्या आजारपणाचं निमित्त करून मी तेव्हापासून कामच करत नाही. कार्यालयातल्या कारकुनाने काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "घरी सगळं ठीक ना?", आणि उत्तराची वाट न बघता फाइल उघडली. तिन्ही नमुने वेगळे होते, पण कुठे 'चार वर्षं' हे दोन शब्द होते, कुठे वडील होते. बशीवर पन्नास ठिपके दिसले तर पाण्यात पन्नास जीवाणू होते असं आम्ही म्हणतो. इथे ठिपके तीन होते, पण मूळ जीव एकच होता, आणि तो कुठून आला असेल याला एकच जागा होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात, मोरीपाशी, भांडी घासत बसलेल्या छोटीला मी ते सांगितलं होतं.

तेव्हा बाबांना जाऊन सहा दिवस झाले होते. घर माणसांनी भरलेलं होतं आणि छोटी रोज कामावरून थेट आमच्याकडे येऊन काही न विचारता भांड्यांना बसायची. ती वसतिगृहात राहते. तिच्या गावाकडून कुणी येत नाही, ती कुणाबद्दल बोलत नाही. कामाला लागल्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून आई तिच्यासाठी डबा देते, माझा एक आणि तिचा एक. त्या संध्याकाळी मी तिच्याशेजारी उकिडवी बसले, तिने घासलेली ताटं पुसत होते, आणि पुसता पुसता बोलून गेले. बाबा गेले त्याच्या आदल्या गुरुवारी मला चार वाजता दवाखान्यात पोचायचं होतं. सात नमुने गाळायचे राहिले होते. सातांच्या मी एकेकच बशी केली. शुक्रवारी पहिल्या बशीचे ठिपके मोजले आणि दुसरीचा आकडा मनाने लिहिला. तेवीसच्या शेजारी सव्वीस. एकतीसच्या शेजारी एकोणतीस. अगदी सारखे आकडे लिहिले नाहीत, कारण सारखे आले की संशय येतो. थोडा फरक ठेवला, नैसर्गिक वाटेल असा. हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज त्या फरकाची वाटली. छोटीने हात धुतले नाहीत, साबणाचाच हात माझ्या पाठीवर ठेवला. "अगं वेडी, तुझे बाबा तिकडे तसे होते. सगळ्यांच्या हातून कधी ना कधी होतं. मी कुणाला सांगणार आहे?" माझ्या कुडत्यावर पाठीला पाच बोटांचा ओला ठसा राहिला होता. आईने तो पाहून "अंगावर पाणी सांडलंस का?" असं विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. ते सातही नमुने शुद्धीकरणाच्या आधीच्या पाण्याचे होते. ते तसं कुणी पीत नाही, कुणाला काही झालं नाही. दोन वर्षं मी स्वतःला हे सांगत आले, आणि माझ्या हे लक्षात येत होतं, की जी गोष्ट एकदा सांगून पुरते ती मी पुन्हा पुन्हा सांगते आहे.

घरी आले तेव्हा आई मशीनवर होती. ती दवाखान्याचे पडदे शिवते, आणि काठ दुमडताना तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे संध्याकाळची प्रार्थना मीच वाचते. आमच्याकडे बायबलातली स्तोत्रं क्रमाने वाचतात, रोज एक, दीडशे संपली की पुन्हा पहिल्यापासून. दिवस कुठलाही असो, क्रमाने येईल ते. माझ्या निकालाच्या दिवशी मरणावरचं आलं होतं आणि बाबांना पुरून आलो त्या संध्याकाळी वीणा-झांजांचं. आई म्हणते, आपल्याला हवं ते वाचायचं ठरवलं तर आपण देवाचं कशाला ऐकू, आपलंच ऐकू. त्या दिवशी क्रमाने विलाप आला. एक माणूस आजारी पडून अंथरुणावर आहे. भेटायला येणारे उशाशी बसून गोड बोलतात, मनातल्या मनात वाईट वेचून घेतात, आणि दाराबाहेर पडले की पसरवतात. हा आता उठत नाही, असं कुजबुजतात. आणि त्यांच्यात तो एक आहे, जिवाभावाचा, जो याच्या ताटात जेवला आणि यालाच लाथ मारायला पाय उचलून उभा आहे. मी हे आजवर निदान वीस वेळा वाचलं असेल. महाविद्यालयात असताना मला त्याचा राग यायचा. एकाच पक्षाची साक्ष, पुरावा शून्य, आणि शेवटी मागणी काय, तर मला उठव म्हणजे मी त्यांची फेड करीन. याला मी रडगाणं म्हणत असे, मोठ्याने म्हणत असे, आणि बाबा हसायचे. त्या संध्याकाळी मात्र मला त्याला रडगाणं म्हणता आलं नाही. उशाशी बसलेले मला दिसत होते. बाबांच्या खाटेभोवती बसलेले, काविळीने पिवळे पडलेले त्यांचे डोळे बघून हळहळणारे, आणि जिन्यात जाऊन 'पीत असणार' म्हणणारे. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांच्या यकृतात जंतू शिरले होते. त्याची तपासणी झाली होती, कागद उशाखाली होता, तो कुणी मागितला नाही.

वाचता वाचता मी एका ओळीपाशी अडले. फेड करीन म्हणणारा हा माणूस, शत्रूंची नावं सांगायच्या आधीच, सुरुवातीला, एका ओळीत, आपण पाप केलंय असं सांगून टाकतो. काय पाप, किती, कधी, काही नाही. एक ओळ, आणि लगेच पुढच्या ओळीत रागाला सुरुवात. वीस वेळा वाचून ही ओळ मला दिसली नव्हती. "थांबलीस का?" आई टाचण्यांमधून म्हणाली. मी म्हटलं, ओळ चुकले. आईने टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या. सहा होत्या. "कामावर काही झालंय?" मी सांगितलं. अफवा सगळी सांगितली, छोटीचं नाव सांगितलं, सात जोड्या सांगितल्या नाहीत. आईने शिवलेल्या काठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बाबांच्या वेळी जिन्यात कोण काय बोललं ते मला कपासकट आठवतं. कुणाला कान तुटलेल्या कपात चहा दिला तेसुद्धा." "आणि तरी दिलास?" "मग काय, दूध ओतून टाकणार होते? पण देवाला मी प्रत्येकाचं नाव घेऊन सांगितलं. नाव, पत्ता, सगळं. त्याच्यापुढे गोड बोलायचं कशाला?" आई हसली नाही. मी म्हटलं, "छोटीचा डबा उद्यापासून बंद कर." "डबा माझा आहे," आई म्हणाली. "भांडण तुझं आहे." आणि टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या.

म्हणून बुधवारी दुपारी एक वाजता, आमच्या मागच्या खोलीत, उबवणपेटीच्या गुणगुणण्यात, छोटी माझ्यासमोर बसून माझ्या आईने दिलेला डबा खात होती. मी माझा उघडला नव्हता. "कुणाला काय सांगितलंस?" "कशाचं गं?" "सातांचं." तिने घास संपवला. ती नेहमीच नीट चावून खाते. "अगं, मी असं काही म्हटलंच नाही. बाईंनी विचारलं, तुमच्या दोघींत चोख कोण? मी तुझंच नाव घेतलं. देवाशपथ. फक्त म्हटलं, वडिलांच्या वेळी बिचारीचं लक्ष नव्हतं, तेव्हाचे आकडे जरा बघून घ्या. तुझ्या भल्यासाठीच. उद्या दुसऱ्या कुणी काढलं असतं तर?" "दुसऱ्या कुणाला माहीत होतं?" "ओरडू नकोस, मावशी बाहेर आहेत." "आणि चार वर्षं? ते कुठून आलं?" "चार वर्षं मी नाही म्हटलं. मी म्हटलं, एकदा माणसाला सवय लागली की कुणाला कळतंय. एवढंच. पुढचं लोकांनी वाढवलं. लोकांना काय, बसल्या जागी तोंड चालवायचं." तिच्या चेहऱ्यावर अपराधाची खूण नव्हती; तिथे खरोखरीची काळजी होती, आणि ती काळजी इतकी हुबेहूब होती की क्षणभर मला माझीच शंका आली. कदाचित तिला ते खरंच वाटत असेल. बिचारी हा शब्द ती प्रेमाने उच्चारत होती. शत्रू शत्रूसारखा दिसला तर सोपं जातं. हिच्या हनुवटीला माझ्या घरचं अन्न लागलं होतं. "आज मीठ अगदी बरोबर पडलंय," ती डब्याची कड बोटाने पुसून म्हणाली. "काकूंना सांग." मी उठले. माझा डबा तसाच ठेवून मी वह्यांच्या खोलीत गेले.

राग आला की मी मोजते. हा माझा दोष असेल. कपाटातून चार वर्षांच्या वह्या काढल्या आणि माझ्या सगळ्या जोड्या संगणकात भरायला बसले. शुद्ध पाण्याच्या शून्य-शून्य जोड्या सोडून दिल्या, त्या काही बोलत नाहीत. उरल्या एक हजार एकशे चौऱ्याऐंशी. पाण्यातले जीवाणू दोन बशांत वाटले जातात ते निव्वळ योगायोगाने, आणि योगायोगाला स्वतःचा एक कायदा आहे. दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग घ्या, त्याला दोघांच्या बेरजेने भागा, आणि शेकडो जोड्यांची सरासरी काढा; काम खरं असेल तर उत्तर एकाच्या आसपास येतं. मनाने लिहिलेल्या आकड्यांचं येत नाही. माणूस फरक ठेवायला भितो. दोन तास वीस मिनिटांनी माझं उत्तर आलं, एक पूर्णांक शून्य तीन. मी खुर्चीत मागे टेकले. इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मी खोटी नाही, हे पाण्यानेच सांगितलं होतं. मग मी त्या सात जोड्या वेगळ्या काढल्या. त्यांचं उत्तर शून्य पूर्णांक एक चार. तेवीस आणि सव्वीस. मला वाटलं होतं मी मोठ्या हुशारीने नैसर्गिक फरक ठेवलाय, पण खरं पाणी तेवीसच्या शेजारी चौदाही ठेवतं, पस्तीसही ठेवतं, त्याला कुणाची भीती नसते. मात्र हजारांच्या घोळक्यात माझे सात कुठेच दिसत नव्हते. दुसऱ्या दशांश स्थळालाही त्यांचा धक्का लागत नव्हता. कुणीही, कितीही शोधलं तरी, माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ते सापडणार नव्हते.

आणि मग मी जे केलं ते सांगायला हवं. छोटीच्या वह्या काढल्या. मला त्यांत काहीतरी सापडायला हवं होतं. इतकं हवं होतं की पानं उलटताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, भूक लागल्यासारखं. दुपारी मी जेवलेही नव्हते. नऊशे बारा जोड्या भरल्या. शून्य पूर्णांक नऊ सात. मी पुन्हा भागाकार केला. तेच. तिचं काम चोख होतं, सगळं, प्रत्येक वर्षाचं, बाबा गेले त्या आठवड्याचंसुद्धा, जेव्हा ती माझ्या वाटणीचे नमुनेही करत होती आणि संध्याकाळी येऊन आमची भांडी घासत होती. ती आकड्यांशी कधी खोटं बोलली नव्हती. फक्त माझ्याबद्दल बोलली होती. मला वाटतं, त्या तीन दिवसांत मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्या शून्य पूर्णांक नऊ सातचा. ती लबाड निघाली असती तर जग पुन्हा नीट लागलं असतं.

त्या संध्याकाळी क्रमाने पुढचं स्तोत्र आलं, तहानलेल्या हरिणीचं. ते वाचून झाल्यावर आई पडदा उलटवत होती तेव्हा मी मनातल्या मनात कालच्या पानावर परत गेले. मला त्या आजारी माणसासारखं बोलायचं होतं. नाव, पत्ता, सगळं. पण मी तोंड उघडलं की ती एक ओळ मधे येई, आणि ती ओलांडून पुढच्या रागाकडे जाता येत नव्हतं. कालपर्यंत मला वाटायचं की अपराध्याला रागावण्याचा हक्क नसतो. म्हणून तर मी गप्प बसले होते, म्हणून तर छोटीसमोरून उठून गेले. अफवा पसरवणारी माणसंही बहुधा त्यावरच जगतात. कुणाचं तरी एक खरं पाप धरून ठेवतात, त्यावर हवं तेवढं खोटं रचतात, आणि त्यांची खात्री असते, की तो माणूस ओरडणार नाही, कारण ओरडला तर पायथ्याचं ते एक खरं सगळ्यांना दिसेल. पण हा आजारी माणूस आपलं पाप सांगून मोकळा होतो आणि त्यानंतर गप्प बसत नाही. उलट आवाज चढवतो. त्याला कुणी सांगितलं असेल, की हे दोन्ही एका श्वासात म्हणता येतं?

गुरुवारी तीन वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही दोघी. बाईंच्या टेबलावर कधीच काही नसतं, एक चष्मा आणि एक पेन. "माझ्या कानावर काही आलंय," त्या मला म्हणाल्या. "मला कानावर आलेलं आवडत नाही. तू सांग. आकडे मनाने लिहितेस का?" मी हिशोबाचा कागद पुढे केला. बाईंनी चष्मा लावला. त्या जुन्या वळणाच्या आहेत. त्यांनी माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही, वीस जोड्या स्वतः पेनने करून पाहिल्या. खोलीत फक्त पेनाचा आवाज होता. शेजारी छोटी मांडीवर हात ठेवून बसली होती, शांत, वर्गात दुसऱ्या कुणाचा तरी निकाल ऐकायला बसतात तशी. मग बाईंनी चष्मा काढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "एक पूर्णांक शून्य तीन. शाबास, मोजपट्टी. हे पुरेसं आहे. लोकांनी बोलायच्या आधी भागाकार शिकावा. चला, विषय संपला." छोटीसुद्धा हसली. तिने माझ्या दंडाला हात लावला. "मी म्हटलं नव्हतं बाई, तिचं काम स्वच्छ असणार?" सही माझी होती. आता फक्त उठायचं होतं.

"यातल्या सात जोड्या खोट्या आहेत," मी म्हटलं. तारीख सांगितली, नमुन्यांचे क्रमांक सांगितले; ते मला पाठ होते. छोटीचा हात माझ्या दंडावरून निघाला. बाईंनी त्या दिवसाची वही मागवली, सात ओळी शोधल्या, आणि त्या ओळींवरून पेनाचं बंद टोक फिरवलं. "म्हणजे जे बोलत होते ते खरंच बोलत होते," त्या शेवटी म्हणाल्या, रागाने नाही, थकून. आणि तिथे माझा आवाज चढला. "नाही बाई. ते सात म्हणाले नाहीत. ते चार वर्षं म्हणाले. माझं खोटं सात जोड्यांचं, ते माझ्या नावावर लिहा, लाल शाईने लिहा. पण उरलेल्या एक हजार एकशे सत्याहत्तर खऱ्या आहेत, आणि त्या प्रत्येकीला कुणीतरी खोटं म्हटलंय. ते कुणाच्या नावावर लिहिणार? हिला सात माहीत होते. दोन वर्षं माहीत होते. हिने सात सांगितले असते तर मी आज मान खाली घालून बसले असते. हिने सात नाही सांगितले." छोटी म्हणाली, "मी तर फक्त काळजीपोटी..." आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या काही वाईट बाई नाहीत. "चुकीच्या आकड्याची नोंद करायला आपल्याकडे वही आहे," त्या म्हणाल्या. "कोण काय बोललं याची नाही. मी काय करू?" "म्हणजे ते तसंच राहणार?" "ते तसंच राहणार. आणि नियम तुला माहीत आहे. ज्याच्या वहीत एक खोटी जोडी सापडते त्याला सही मिळत नाही. हिच्या वह्या मी पाहिल्यात. स्वच्छ आहेत." मला म्हणता आलं असतं की मीही पाहिल्यात. म्हटलं नाही. बाईंनी छोटीसमोर कागद सरकवला आणि मला वही. मी सात ओळींवर आडव्या रेघा मारल्या, प्रत्येकीपुढे कारण लिहिलं, 'दुसरी बशी केली नाही', आणि आद्याक्षरं घातली. माझं अक्षर स्थिर होतं.

बाहेर जिन्यात दुपारचं ऊन तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. कुणीतरी खालच्या मजल्यावर खुर्ची ओढली. आतून मावशींचा नळ ऐकू येत होता, आणि मला कळलं, की आता त्यांच्याकडे नवा नमुना जाईल, सातांचा, आणि तो जिना उतरेपर्यंत सत्तर झालेला असेल. मी चौथ्या पायरीवर बसले. माझ्या छातीत जे होतं ते हलकं वगैरे झालेलं नव्हतं. ते तितकंच जड होतं, पण आता त्याच्यात माझं काही मिसळलेलं नव्हतं. सगळं शुद्ध होतं, धारदार होतं, आणि ते कुठे न्यायचं याचा विचार करावा लागला नाही. मी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. माझ्या ताटात जेवलेली, वीतभर उंच, वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर राहणारी, असं सगळं नीट सांगितलं, म्हणजे चूक व्हायला नको. मग म्हटलं, देवा, माझं मी सांगून टाकलं. आता तिचं तू बघ. आणि जरा लवकर बघ, उद्या सकाळी मी मोजलेल्या पाण्याखाली तिची सही असेल, आणि दुपारी एक वाजता ती डब्यासाठी माझ्यासमोर बसेल.